ओव्हरटाइम, नाणेफेक आणि बरोबरी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बराच राग धरून लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटत नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये ओव्हरटाइमला (गुण समान राहिल्यावरच्या जादा वेळेत) दोन्ही संघांना निदान एकदा चेंडू मिळालाच पाहिजे, आणि तसं होऊनही साखळी सामना बरोबरीत सुटला तर त्यात काही बिघडत नाही. तुमचे आक्षेप तीन. बचाव हाही खेळाचा भाग आहे. समोरच्याला टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एन्ड झोनमध्ये, पोचवून सहा गुण) करू दिलंत तर रडायचं कशाला? दुसरा, हे सगळे बदल बड्या क्वार्टरबॅकांचे (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूंचे) लाड पुरवण्यासाठी झाले. आणि तिसरा, बरोबरी म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक. कॉलेज फुटबॉलमध्ये निकाल लागेपर्यंत खेळतात, क्रिकेटमध्ये सुपर ओव्हर आहे, मग एनएफएललाच काय झालंय?

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षं हाच युक्तिवाद चालला आणि त्याच्याच जोरावर जुना नियम टिकून राहिला : नाणेफेक जिंकणारा पहिल्याच चढाईत (चेंडू हाती असलेल्या एका पाळीत) सामना संपवू शकायचा, समोरच्याला चेंडू न मिळताच.

२३ जानेवारी २०२२ चा कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध बफेलो बिल्स हा प्लेऑफचा (साखळीनंतरच्या बाद फेरीचा) सामना आठवा. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. बिल्सच्या गेब्रियल डेव्हिसने एकट्याने चार टचडाउन पकडले, त्यातला चौथा १३ सेकंद उरले असताना. ३६–३३. तेवढ्या १३ सेकंदांत चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने दोन पास टाकून चेंडू पुढे नेला आणि हॅरिसन बटकरने ४९ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारून बरोबरी साधली. मग नाणेफेक. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनने ‘टेल्स’ मागितलं, ‘हेड्स’ पडलं. चीफ्सने पहिल्याच चढाईत ७५ यार्ड कापून टचडाउन केला आणि सामना संपला. त्या रात्री अचाट खेळलेला ॲलन ओव्हरटाइमभर बाजूला उभा होता.

तुम्ही म्हणाल, बिल्सच्या बचावाने अडवायला हवं होतं. मान्य, हवंच होतं. पण मग चीफ्सच्या बचावाने कोणाला अडवलं? त्याच बचावाने शेवटच्या मिनिटांत ॲलनकडून दोन टचडाउन खाल्ले होते. ओव्हरटाइममध्ये ह्या बचावाला मैदानावर पाऊलही टाकावं लागलं नाही. बचाव हा खेळाचा भाग आहे म्हणूनच दोन्ही बचावांची परीक्षा व्हायला हवी. जुन्या नियमात एकाच संघाचा बचाव पणाला लागायचा, आणि तो कोणाचा हे नाणं ठरवायचं. म्हणजे तुमचा मुद्दा घेऊन मी जिथे पोचतो ते तुमच्या बरोबर उलट टोक आहे.

आणि हा अपवाद नव्हता. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी पहिल्याच चढाईत ४० यार्डांचा फील्ड गोल मारून मिनेसोटा व्हायकिंग्जना ३१–२८ असं हरवलं. व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या हाती चेंडू आलाच नाही. त्यानंतर प्लेऑफसाठी नियम बदलला : पहिल्या चढाईत नुसता फील्ड गोल झाला तर सामना संपणार नाही, टचडाउन झाला तरच संपेल. अर्धाच उपाय. फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) अटलांटा फाल्कन्स २८–३ असे पुढे होते, पॅट्रियट्सनी बरोबरी साधली, नाणेफेक जिंकली, टचडाउन केला, ३४–२८. फाल्कन्सचा क्वार्टरबॅक मॅट रायनला ओव्हरटाइममध्ये एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. (फाल्कन्सनी २५ गुणांची आघाडी घालवली, ही त्यांचीच चूक. पण त्या चुकीची शिक्षा साठाव्या मिनिटाला बरोबरीच्या रूपाने मिळून चुकली होती.) २०१० चा तो नियम आल्यापासून २०२२ पर्यंत प्लेऑफमधले १२ सामने ओव्हरटाइममध्ये गेले. नाणेफेक जिंकणाऱ्याने त्यातले १० जिंकले, आणि त्या दहापैकी सात पहिल्याच चढाईत. हे आकडे बघितल्यावर ‘अडवायला हवं होतं’ एवढं म्हणून मला गप्प बसवत नाही.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर लहान आहे. जानेवारी २०१९ मध्ये पॅट्रियट्सनी चीफ्सना ह्याच पद्धतीने ३७–३१ असं हरवलं, महोम्सला चेंडू मिळाला नाही, आणि त्या वसंतात बदलाचा प्रस्ताव चीफ्सनीच आणला. तो बारगळला. लाडच करायचे असते तर लीगमधल्या सर्वांत चमकत्या क्वार्टरबॅकचे तेव्हाच केले असते. २०२२ चा प्रस्ताव बिल्सचा नव्हताच. तो इंडियानापोलिस कोल्ट्स आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा होता, आणि मालकांनी तो फक्त प्लेऑफपुरता मंजूर केला. साखळी सामन्यांना तो हक्क मिळायला २०२५ उजाडलं.

आता बरोबरी. इथे तुम्ही जास्त चिडलेले आहात.

१९७४ पूर्वी साखळी सामना ६० मिनिटांनी संपायचा, गुण समान असतील तर समान. १९७४ मध्ये १५ मिनिटांचा ओव्हरटाइम आला, आणि गंमत म्हणजे त्याखाली खेळलेला पहिलाच सामना, डेन्व्हर विरुद्ध पिट्सबर्ग, ३५–३५ असा बरोबरीतच सुटला. २०१७ मध्ये ही १५ मिनिटं खेळाडूंच्या शरीराचा विचार करून १० वर आणली. त्या कारणाला तुम्ही ‘बहाणा’ म्हणता. रविवारी पंचाहत्तर मिनिटं अंगावर अंग आदळून खेळलेल्या संघाला गुरुवारी पुन्हा मैदानावर उतरावं लागतं, तेही दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. गुडघा, खांदा, डोकं ह्यांची किंमत मोजून साखळीतल्या एका सामन्याचा निकाल ओढून काढायचा असेल तर मी त्या बाजूला नाही.

कॉलेजचा मार्ग तुम्हाला आदर्श वाटतो. २३ ऑक्टोबर २०२१ चा इलिनॉय विरुद्ध पेन स्टेट हा सामना घ्या. ६० मिनिटांनंतर १०–१०. दोन ओव्हरटाइमनंतर १६–१६. त्या वर्षापासून नियम असा की तिसऱ्या फेरीपासून चढाई बंद. तीन यार्डांवरून दोन गुणांचा एकच प्रयत्न, आळीपाळीने. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी फेरी : दोन्ही संघ अपयशी. आठवीत दोघांनीही केलं. नवव्या फेरीत पेन स्टेट चुकलं, इलिनॉयने साधलं, २०–१८. किकऑफ नाही, पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देणं) नाही, घड्याळ नाही, मैदानाची लांबी नाही. अमेरिकन फुटबॉलचा जीव जमीन कमावण्यात आहे, वीस यार्डांवर अडकलेल्या संघाने पंट मारावा की धोका पत्करावा ह्या निर्णयात आहे. ते सगळं काढून घेतलं, आणि जे उरलं त्याने विजेता ठरवला. २०१८ मध्ये टेक्सस ए अँड एमने एलएसयूला सात ओव्हरटाइमनंतर ७४–७२ असं हरवलं, पोरं अक्षरशः उभी राहू शकत नव्हती, म्हणून तर हा संक्षिप्त उपाय शोधला गेला. एका टोकाला खेळाडू मोडतात, दुसऱ्या टोकाला खेळ मोडतो. बरोबरी नकोच असा हट्ट धरला की ह्या दोनांपैकी एक निवडावं लागतं.

सुपर ओव्हरचंही तसंच. लॉर्ड्सवरची २०१९ ची विश्वचषक अंतिम लढत तुम्हीही रात्री जागून पाहिली असेल : २४१ ला २४१, सुपर ओव्हरमध्ये १५ ला १५, आणि शेवटी चौकार-षटकार मोजून इंग्लंड विजेता. न्यूझीलंड हरलं असं आजही म्हणवत नाही. तिथे करंडक द्यायचा होता, त्यामुळे काहीतरी मार्ग काढणं भाग होतं. साखळीतल्या सामन्यावर तसं बंधन नाही. आणि कसोटी पाच दिवसांनी अनिर्णित राहिली म्हणून आपण तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

बरोबरीमुळे प्रशिक्षक भित्रे होतात, ह्याला पुरावा म्हणून तुम्ही १९६६ चा नोत्र दाम विरुद्ध मिशिगन स्टेट हा कॉलेज सामना दिलाय. १०–१० असताना नोत्र दामचा प्रशिक्षक ॲरा पार्सेगियनने शेवटी जोखीम न घेता घड्याळ संपवलं, हे खरं. पण जानेवारी १९८४ चा ऑरेंज बोल हा कॉलेज सामना विसरू नका. नेब्रास्का मायामीविरुद्ध ३०–३१. मोसमभर अपराजित, टचडाउननंतरची एक साधी, एका गुणाची किक मारली तर बरोबरी आणि राष्ट्रीय विजेतेपद जवळपास खिशात. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्नने किकऐवजी जिंकून देणारा दोन गुणांचा प्रयत्न केला. चेंडू हाताला लागून पडला, विजेतेपद गेलं. बरोबरीची वाट उघडी होती म्हणून त्या निर्णयाला मोल आलं. ओव्हरटाइम असता तर किक मारून पुढे बघू म्हणाले असते.

आणि प्रेक्षकांची फसवणूक म्हणता, तर ९ जानेवारी २०२२, लास व्हेगस. मोसमाचा शेवटचा साखळी सामना, रेडर्स विरुद्ध चार्जर्स. त्या दिवशी कोल्ट्स आधीच हरले होते, त्यामुळे गणित असं झालं की हा सामना बरोबरीत सुटला तर दोघेही प्लेऑफमध्ये आणि पिट्सबर्ग बाहेर. चार्जर्सच्या जस्टिन हर्बर्टने नियमित वेळेच्या शेवटच्या चेंडूवर टचडाउन फेकून २९–२९ केलं. ओव्हरटाइममध्ये दोघांचा एकेक फील्ड गोल, ३२–३२. चेंडू रेडर्सकडे, चार्जर्सच्या ३९ यार्डांवर, तिसरा डाउन (दहा यार्ड कापायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), चार यार्ड हवेत, घड्याळ चालू. नुसतं उभं राहिलं तरी दोघेही आत. ३८ सेकंद उरले असताना चार्जर्सचा प्रशिक्षक ब्रँडन स्टेलीने टाइमआउट घेतला. पुढच्या प्लेमध्ये जॉश जेकब्स दहा यार्ड धावला. दोन सेकंद राहिले तेव्हा रेडर्सने घड्याळ थांबवलं आणि डॅनियल कार्लसनने ४७ यार्डांवरून किक मारली. ३५–३२. चार्जर्स बाहेर, पिट्सबर्ग आत. त्या टाइमआउटवर पुढे कितीतरी दिवस वाद चालला. बरोबरी शक्य नसती तर हा साधा फील्ड गोलचा शेवट ठरला असता.

२०२५ च्या नव्या नियमाचीही पहिली बरोबरी लगेच आली : २८ सप्टेंबर, काउबॉइज विरुद्ध पॅकर्स, ४०–४०. काउबॉइजने पहिल्या चढाईत फील्ड गोल केला. पॅकर्सने उत्तर दिलं, पण घड्याळ इतकं खाल्लं की शेवटचा पास एन्ड झोनमध्ये पडला तेव्हा एकच सेकंद उरला होता, आणि ब्रँडन मॅकमॅनसला ३४ यार्डांची किक मारावी लागली. पॅकर्सने वेळ नीट वापरला असता तर जिंकण्याची संधी होती. म्हणजे निकाल न लागण्याचं कारण नियमात नव्हतं, मैदानावर होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, दोघांना चेंडू दिला म्हणून नाणेफेकीचा फायदा गेला का? पूर्ण नाही गेला. दोघांच्या चढाया समान सुटल्या की तिसरी चढाई पुन्हा सडन डेथ (जो आधी गुण करेल तो जिंकला), आणि ती पहिल्या संघाची. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये फोर्टीनाइनर्सचा प्रशिक्षक काइल शानाहनने चीफ्सविरुद्ध ह्याच हिशोबाने आधी चेंडू घेतला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. फोर्टीनाइनर्स नऊ यार्डांवर होते, चौथा डाउन, चार यार्ड हवेत. समोरचा किती करेल हे माहीत नसल्याने त्यांनी फील्ड गोलवर समाधान मानलं. चीफ्सची पाळी आली तेव्हा ते आपल्याच ३४ यार्डांवर, चौथा डाउन, एक यार्ड हवा. पंट मारणं म्हणजे हार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून महोम्स स्वतः चेंडू घेऊन आठ यार्ड पळाला. पुढे तीन सेकंद राखून टचडाउन, २५–२२. दुसरी पाळी घेणाऱ्याला किती हवंय ते कळतं, आणि चार डाउन मोकळेपणी वापरता येतात. शानाहनशी मी सहमत नाही, पण निदान आता सहमत-असहमत होण्यासारखा प्रशिक्षकाचा निर्णय तरी आहे. बिल्सच्या जॉश ॲलनपुढे तसा काही प्रश्नच नव्हता. त्याच्या हातात फक्त ‘टेल्स’ म्हणणं होतं.