तीस मिलिअँपिअरचा हिशेब

सांगलीच्या गावभागात लाइट गेली की आधी खिडकीतून डोकं बाहेर काढायचं असतं. सगळ्या गल्लीची गेली असेल तर काळजीचं कारण नाही, ओट्यावर येऊन निवांत बसावं. आपलीच गेली असेल तर मात्र आण्णा उठायचे. आण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरणारे, पण फ्यूज उडाला की अंगात बळ यायचं. चष्मा, टेस्टर, पक्कड, स्टूल आणि आई अशी सगळी सामग्री पेटीखाली जमायची. आईच्या हातात बॅटरी. ‘माझ्या तोंडावर नको, फ्यूजवर मार,’ हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलोय.

ही पेटी बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपास बसलेली. चौकट सागवानी. दाराची काच केव्हाच फुटलेली, तिच्या जागी एका पतसंस्थेचं जुनं कॅलेंडर उलटं करून चुका मारलेल्या. आत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज ओळीनं, मूळचे पांढरे, आता कडांना तपकिरी आणि मधे काजळी. खाली लोखंडी मेन स्विच. त्याचा दांडा ओढायला दोन हात लागायचे, आणि ओढला की भिंतीपलीकडून ‘काय पडलं रे?’ अशी हाक यायची. वरच्या फळीवर लाइटबिलं, उदबत्तीचा पुडा, फ्यूज वायर गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं कार्ड आणि एक पाल. बिलं बदलायची, पाल तीच.

फ्यूज बांधणं ही आण्णांची विद्या. एरवी एक पदर. दिवाळीत माळा लागल्या की दोन. लग्नकार्यात मांडववाल्यानं हॅलोजन लावले की ‘बघू’. गल्लीतले एक गृहस्थ याच्याही पुढे गेले होते. त्यांनी जाड तांब्याची तारच घालून ठेवलेली, आणि ‘आमचा फ्यूज कधी जातच नाही’ असं ते छाती फुगवून सांगायचे. आता फ्यूज हा जाण्यासाठीच असतो. तो गेला नाही तर भिंतीतली वायर जाते, आणि ती बांधायला स्टूल पुरत नाही. आमच्या पेटीत तर जुन्या पद्धतीनं फेजलाही, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेलाही फ्यूज, आणि न्यूट्रललाही, म्हणजे तो परत नेणाऱ्या तारेलाही फ्यूज. न्यूट्रलचा उडाला तर दिवे बंद, पण घरभर फेज जिवंत. अशा वेळी ‘लाइट गेलीय, लाव हात बिनधास्त’ असं आण्णांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! घराणं टिकलं हे गणपतीच्या कृपेनं.

गाडी अडली ती एसीपाशी. यंदा बायकोनं हट्टानं एसी घेतला. तो बसवायला आलेल्या पोरानं कॅलेंडर उचलून आत पाहिलं आणि ड्रिल मशीन पुन्हा पिशवीत घातलं. ‘काका, ह्याच्यावर मी जोडत न्हाई. उद्या काय झालं तर माझं नाव यील.’

पोराचं बरोबर होतं (‘काका’ सोडून). पेटी बसली तेव्हा घरात साठ वॉटचे काही बल्ब, पंखे आणि एक रेडिओ. आता एकटा गीझर दोन हजार वॉटचा. त्याला २३० व्होल्टनं भागा, जवळजवळ नऊ अँपिअर होतात. वर फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, इंडक्शन, पाण्याची मोटार. आमच्या सकाळचं वेळापत्रक पेटीच ठरवायची. गीझर चालू असताना मिक्सर नाही, मोटार चालू असताना इस्त्री नाही. डोशाला चटणी हवी असेल तर कुणीतरी अंघोळ थांबवायची.

तरी आण्णा पेटीला हात लावू देईनात. कारण २०१९. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५, यावरून काय ते समजा. आमच्या घरात पाणी चढत चढत पेटीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. ते पेटीनं थांबवलं, असं आण्णांचं ठाम मत. खरं तर यात आमची सगळी देणीघेणी कोयनेशी. तिथं वीज तयार करणारं बरंचसं पाणी बोगद्यातून वाशिष्ठीला, म्हणजे कोकणात जातं. दरवाजे उचलून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येऊन आमच्याकडे. पाणी न मागता घरपोच येतं, विजेसाठी अर्ज करावा लागतो.

शेवटी आईनं निकाल दिला. पेटीतून दोन दिवस जळका वास येत होता आणि आण्णा त्याला शेजारचा धूप म्हणत होते. आई म्हणाली, ‘धुपाला रबराचा वास कधीपासून यायला लागला?’

लायसन्सवाला वायरमन आला. येताच त्यानं या धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, ‘ह्यो बोर्ड कुणी बसिवला?’ आण्णा म्हणाले, ‘मी उभं राहून बसवून घेतलाय.’ वायरमननं श्वास घेतला. ‘न्हाई, काम एक नंबर हाय की आण्णा. पन तवाचं लोड येगळं.’ मग त्यानं एक वायर जरा वाकवली आणि ती मोडूनच त्याच्या हातात आली. ॲल्युमिनियमची. सगळं घर नव्यानं वायरिंग करा म्हणाला. ते ऐकून मीही श्वास घेतला. ठरलं असं की आता पेटी बदलायची, गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची स्वतंत्र वायर ओढायची, बाकीचं पुढच्या वर्षी. आमच्याकडे ‘पुढच्या वर्षी’ या खात्यावर आधीच गच्चीची गळती आणि मागचं दार आहे.

कुठल्या फ्यूजवर काय चालतं हे शोधणं हा त्या कामातला सर्वांत मोठा कार्यक्रम. घरातला प्रत्येक माणूस एकेका खोलीत उभा केला. वायरमन फ्यूज उपटणार, ज्याचं गेलं त्यानं ओरडायचं.

‘देवघर गेलं?’

‘देवघर आहे! फ्रिज गेला!’

‘फ्रिज किचनचा न्हवं?’

‘जिन्यातला पंखापण गेला!’

‘जिन्यात पंखा हाय?’

आई मधेच न्हाणीतून ओरडली, ‘माझं काहीच जाईना, मी इथं किती वेळ उभी राहू?’ पेटीच्या दारामागे आण्णांनी पूर्वी पेन्सिलनं नावं लिहिलेली होती, पण त्यातलं ‘बाळंतिणीची खोली’ म्हणजे आता कुठली, हे त्यांनाही सांगता येईना. एक फ्यूज मात्र असा निघाला की तो काढला तरी घरातलं काहीही बंद पडेना. वायरमननं दोनदा काढला, दोनदा घातला. ‘असू दे. ह्याला एक एमसीबी दिऊन ठेवू. कायतरी असंलच.’

ते ‘कायतरी’ पुढे येईलच.

अर्थिंगचा शोध त्याहून भारी. पेटीतून निघालेली अर्थची तार भिंतीतून उतरून नळाच्या पाइपला गुंडाळलेली. पूर्वी तसंच करायचे, लोखंडी पाइप जमिनीत जायचा, तोच अर्थ. मधल्या काळात पाइप बदलून प्लॅस्टिकचा झाला. बदलणाऱ्यानं प्रामाणिकपणे जुनी तार काढली आणि नव्या पीव्हीसी पाइपला होती तशी, नीट पीळ देऊन गुंडाळली. इतक्या निष्ठेनं केलेलं निरुपयोगी काम मी दुसरं पाहिलं नाही.

मग परसात खड्डा, त्यात तांब्याची प्लेट, भोवती मीठ-कोळशाचे थर. मिठानं मातीत ओल धरून राहते आणि करंटला जमिनीत जायला वाट सोपी होते. मी किराणा दुकानात जाऊन गोणीभर जाडं मीठ मागितलं तर दुकानदार म्हणाला, ‘यंदा कैऱ्या लवकर उतरल्या काय?’ गोणी घेऊन परसात चाललो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिन्हीसांजेला मीठ उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं आईनं सांगितलं. वायरमननं एक अक्षर न बोलता हत्यारं आवरली. त्याची आईही तेच म्हणाली असती.

सर्व्हिस वायर सोडवून पेटी उतरवायला अर्धा तासही लागला नाही. पाल आधीच निघून गेली होती. तिथंच, पण आण्णांच्या सांगण्यावरून २०१९च्या रेघेपासून हातभर वर, पांढरा डबा बसला. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारे खटके, ओळीनं. आत दोन धातूंची एक पट्टी असते, जास्त लोड बराच वेळ राहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट झालं तर तापायची वाट न बघता आतलं कॉइल तिथल्या तिथं पाडतं. पहिल्यांदा खटका पडला तेव्हा आण्णा चष्मा शोधेपर्यंत आई स्टुलावर चढली, बोटानं खटका वर केला आणि खाली उतरली. ‘एवढंच?’ म्हणाली. आण्णा त्या रात्री जेवताना बोलले नाहीत.

सगळ्या एमसीबींच्या आधी बसतो तो आरसीसीबी. त्याचं काम वेगळं. आई दिवाळीत फराळाचे डबे घरोघर पाठवते आणि कुठला डबा परत आला नाही हे पाडव्यापर्यंत तिच्या डोक्यात पक्कं असतं, तसंच. फेजनं जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअर कमी आले, तर ते कुठंतरी भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत जातायत असं समजून तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत सगळं घर बंद करतो.

आणि तो करायला लागला. पहाटे पाचला, रोज. एसी बंद, पंखा बंद. वर केला की खाली पडायचा. साडेपाचला वर केला की मुकाट राहायचा. वायरमन दिवसा यायचा तेव्हा सगळं ठणठणीत. त्यानं आधी गीझरच्या कॉइलवर संशय घेऊन गीझर सोडवला, मग फ्रिज. आण्णांचा संशय पालीवर. आईनं पंचांग काढून काम कुठल्या तिथीला झालं ते पाहिलं आणि मान हलवली.

उलगडा बायकोनं केला. घामाघूम होऊन जागी पडली होती. ‘अहो, काकांच्या न्हाणीची कडी वाजली की आपली लाइट जाते.’

पलीकडे माझे सख्खे काका राहतात. आण्णांची आणि त्यांची वाटणी मी शाळेत असताना झाली. मोजणीवाले आले, वकील आले, जोत्यापासून कौलांपर्यंत सगळं अर्धं अर्धं झालं, मधे भिंत उभी राहिली. भिंतीतली एक वायर तेवढी एकत्र कुटुंबात राहिली. काकांच्या न्हाणीतल्या दिव्याला फेज आमच्या पेटीतून, तो ‘कायतरी’ फ्यूज, आणि न्यूट्रल काकांच्या मीटरचा. दिवा नऊ वॉटचा एलईडी, म्हणजे सुमारे एकोणचाळीस मिलिअँपिअर. हिशेब तीसचा. आमच्याकडून गेलेले त्यांच्याकडून परतत होते, आणि आरसीसीबीला हा व्यवहार मान्य नव्हता.

खटका पडला की तिकडे काकाही अंधारात. त्यांनी बल्ब बदलला, दुकानदाराशी भांडून आणखी एकदा बदलून घेतला, आणि शेवटी बॅटरी लावून अंघोळ उरकायला लागले. निघताना बटण बंद करायची सवय, म्हणून आमची लाइट साडेपाचला परत.

दोघं भाऊ पेटीखाली उभे राहिले.

‘म्हणजे वाटणीपासून तुझ्या न्हाणीचं बिल मी भरतोय,’ आण्णा म्हणाले.

‘आणि न्यूट्रल कुणाचा वापरलास? त्याचं भाडं काढ आधी.’

आण्णांनी खरोखरच कागद घेतला. रोज एक तास धरला तर आताच्या दिव्याची वर्षाची सव्वातीन युनिटं. पूर्वी चाळीसचा बल्ब होता, त्याची साडेचौदा. मग दर कुठल्या सालचा लावायचा यावरून अडलं. ते मिटेपर्यंत वायरमननं हातभर वायर ओढून काकांचा दिवा काकांच्या फेजला जोडून टाकला. वाटणी तेव्हा पुरी झाली.

आण्णांना आता नवं काम मिळालंय. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक बारकं बटण असतं. ते अधूनमधून दाबून यंत्र शाबूत आहे का हे बघायचं असतं, दाबलं की घर बंद पडलं पाहिजे. वायरमननं हे सांगितलं मला, ऐकलं आण्णांनी. महिन्याच्या एक तारखेला, संध्याकाळी, चष्मा लावून, टेस्टर खिशात घालून (टेस्टरचा काही संबंध नाही) ते स्टूल ओढतात. मी लॅपटॉप सेव्ह करतो. आई टीव्हीवरून नजर न काढता हात वर करते.

‘थांबा जरा. जाहिरात लागू दे, मग दाबा.’