खुलासा: केंद्राचा पास स्टेट पार्कात चालत नाही

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा प्रवेश पास असला की लडिंग्टन स्टेट पार्कात आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) फुकट लावता येते, असा मेसेज फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. तो पास केंद्र सरकारच्या जागांपुरता. लडिंग्टन मिशिगन राज्याचं. तिथे गाडीला राज्याचा रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे राज्याच्या पार्कांचा प्रवेश परवाना, हवा, मुक्कामाचं भाडं वेगळं.

बुकिंग सहा महिने आधी उघडतं. लेक मिशिगन आणि हॅमलिन लेकच्या मधोमध असलेल्या या जागेवर उड्या पडतात, त्यामुळे जुलैसाठी जानेवारीतच बघा. पोराबाळांना घेऊन दारातून परतायची पाळी कुणावर येऊ नये.

आणि शेकोटीला घरची लाकडं कृपा करून नेऊ नका. मिशिगनमध्ये २००२ साली सापडलेली, अ‍ॅशची झाडं पोखरणारी हिरवी कीड अशाच सरपणातून दूरवर पसरली.