अंगावर पाजलेल्या दुधाचा हिशेब

‘आजकालच्या पोरी लेकरांना अंगावर पाजत नाहीत, म्हणून छातीचा कॅन्सर वाढलाय.’ धुळ्याकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हे वाक्य आलं आणि मामा-काकांनी भराभर अंगठे उठवले. ग्रुपमधल्या दोन सुना नुकत्याच बाळंत झाल्यात. एकीला दूधच पुरेसं येत नाही. ती काही बोलली नाही. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये बसून वाचताना माझं डोकं तापलं.

यात खरं किती? २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला. एकूण पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, शिवाय दर बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. पाजताना पाळी लांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहतं, स्तनातल्या पेशी पक्व होतात. फायदा नक्की आहे. पण धोका घटतो, संपत नाही.

आणि हे न कळल्यानेच जिवावर बेततं. शिंदखेड्याकडच्या माझ्या एका काकूंना छातीत गाठ जाणवली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी च्यार पोरेस्ले पाजेल शे, माले काय व्हई?’ गाठ दुखत नव्हती. कापसाची वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दवाखान्यात पोचल्या तोवर काखेतही गाठी झाल्या होत्या.

इंग्लंडातल्या बायका फार पाजतात असं नाही. २०१० च्या ब्रिटनभरच्या सरकारी पाहणीत सहा महिन्यांची जेमतेम ३४ टक्के बाळं अंगावर पीत होती. आमच्या काकू-मावश्यांपुढे हे काहीच नाही. पण ५० ते ७१ वयात दर ३ वर्षांनी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं पत्र घरी येतं. ज्यांनी पाजलं त्यांनाही येतं, ज्यांनी नाही त्यांनाही. नोकरदार बाईला ५२ आठवड्यांची रजा मिळते, त्यातल्या ३९ आठवड्यांचे पैसे मिळतात, पहिल्या दीड महिन्यानंतर अगदी थोडे.

कागदावर आपला भारतही मागे नाही. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. पण वेचणीला जाणाऱ्या बाईला कसली रजा? तिचं लेकरू बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत. मजुरी किलोवर, म्हणजे पाजायला बसली की तेवढा कापूस कमी भरतो. पाजण्याचा एवढा कळवळा असलेल्यांनी तिला त्या वेळेचे पैसे द्यायला काय हरकत आहे?

खेडोपाडी मॅमोग्राफी पोचवणं अवघड, मान्य. पण मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाखावर बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या भागात शिकवून तयार केलेल्या सेविका दर २ वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. तिथे पन्नाशीपुढच्या बायकांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले; तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही. ही हाताने करायची तपासणी तिशीपुढच्या बायकांसाठी सरकारी कार्यक्रमातही आहे. मामा-काकांनी सुनांचं दूध मोजणं सोडावं, गावच्या आरोग्य उपकेंद्रात जाऊन ही तपासणी होते का ते विचारावं, आणि हंगाम असला तरी एक दिवस वेचणी थांबवून घरातल्या बाईला तिथे न्यावं.