एक मॅग्नेट, एक फॉर्म आणि पाटाचं पाणी

२२ वर्षं परचेसमध्ये काम करतोय, चाकणला, मोटरचे पार्ट बनवणारी छोटी कंपनी आहे आमची. चीनमधून माल मागवणं म्हणजे इतकी वर्षं काय होतं, तर रेट विचारायचा, घासाघीस करायची, खरेदीची ऑर्डर आणि ॲडव्हान्स पाठवायचा, न्हावाशेवाला कंटेनर लागला की कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला फोन. मे २०२५ मध्ये पहिल्यांदा असं झालं की पैसे तयार, सप्लायर तयार, मॅग्नेटची खोकी त्याच्या गोडाऊनमध्ये पॅक होऊन पडलेली, आणि माल काही निघेना. मधे एक फॉर्म आला होता. एंड यूजर सर्टिफिकेट. हा मॅग्नेट कुठल्या मोटरमध्ये बसणार, मोटर कुठल्या गाडीत जाणार, लष्करी वापर होणार नाही याची लेखी हमी, मग त्यावर आपल्या सरकारचा शिक्का, मग दिल्लीतली चिनी वकिलात, मग बीजिंग. मोटरमध्ये मॅग्नेट असतो काही ग्रॅमचा आणि त्यासाठी दोन देशांची सरकारं!

तेव्हा मला आमच्या गावाकडचं पाटाचं पाणी आठवलं. आमचं रान चारीच्या टेलला, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटी. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटली की पाणी सगळ्यांचंच असतं कागदावर, पण वरच्याने दार लावलं की खालचं रान कोरडं. माझे वडील म्हणायचे, भांडण पाण्याचं नसतं रे, दार कोणाच्या हातात आहे त्याचं असतं.

चीनने ४ एप्रिल २०२५ ला सात रेअर अर्थ (म्हणजे दुर्मिळ मृदा) धातू आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, ट्रम्पने टॅरिफ जाहीर केल्यावर दोनच दिवसांनी. त्या सातात डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत. निओडिमियमचा मॅग्नेट तापला की त्याची ताकद जाते, म्हणून हे धातू त्यात थोडेसे घालतात, आणि इलेक्ट्रिक गाडीची मोटर तर तापतेच. जगातले साधारण ९० टक्के असे मॅग्नेट चीनमध्ये बनतात. म्हणजे भांडण अमेरिका आणि चीनचं आणि लाइन थांबली चाकणला.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं, चीनची दादागिरी, ब्लॅकमेल वगैरे. राग मलाही आला, खोटं कशाला बोलू. पण हा मॅग्नेट चीनने शोधलेला नाही, कोणाकडून चोरलेलाही नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी जवळजवळ एकाच वेळी वेगवेगळा शोधला. कच्चा माल निघायचा कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीतून. जनरल मोटर्सने १९९५ मध्ये आपली मॅग्नेटची कंपनी, मॅग्नेक्वेंच, विकून टाकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं काम मशिनरीसकट चीनला गेलं. २००२ मध्ये खाणही बंद पडली. कारण सरळ होतं, हे धातू एकमेकांपासून वेगळे करणं म्हणजे ॲसिड, घाण पाणी, किरणोत्सारी गाळ, आणि मार्जिन कमी. सगळ्यांना वाटलं करू दे त्यांना हे घाणेरडं काम. चीनने केलं. हे काम जिथे चालतं त्या चीनमधल्या बाओटोऊ शहराच्या लोकांनी त्याची किंमत त्यांच्या जमिनीत आणि पाण्यात मोजली, हेही विसरून चालणार नाही.

आणि तेव्हा अमेरिकेची समजूत काय होती? तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये चीनसाठी बाजार खुला करताना सांगितलं होतं की व्यापाराबरोबर तिथे मोकळेपणाही येईल. ११ डिसेंबर २००१ ला चीन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत आला. श्रीमंत झाला, २०१० मध्ये अर्थव्यवस्थेच्या आकारात जपानला मागे टाकलं, पण बदलला नाही, उलट बाकीच्यांना बदलायला लावलं! माझा सगळा मुद्दा इथेच आहे. आपण चीनची ताकद म्हणजे स्वस्त माल असं समजत राहिलो. खरी ताकद नियम कोण लिहितो त्यात असते आणि हे त्यांनी बघून बघून शिकून घेतलं.

देशांना कर्ज देणाऱ्या आयएमएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचंच घ्या ना. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात, अमेरिकेकडे एकटीकडे १६ टक्क्यांच्या वर, म्हणजे तिने नाही म्हटलं की विषय संपला. चीनकडे आजही सहाच्या आसपास. २०१० मध्ये चीनसारख्या देशांचा वाटा वाढवायचं ठरलं ते अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०१५ पर्यंत अडवून ठेवलं. मग चीनने आपली वेगळी बँक काढली, एआयआयबी (रस्ते-रेल्वेसारख्या कामांना कर्ज देणारी आशियाई बँक), जानेवारी २०१६ पासून सुरू, मुख्यालय बीजिंगला. अमेरिका नको म्हणत असताना ब्रिटन त्यात गेलं, आणि चीनच्या खालोखाल सगळ्यात मोठा वाटा भारताचा आहे. पनवेल-कर्जत आणि विरार-डहाणूच्या रेल्वे कामाला याच बँकेचं कर्ज आहे. एप्रिल २०२० मध्ये आपण चिनी गुंतवणुकीवर सरकारी परवानगीची अट घातली, जूनमध्ये ५९ ॲप बंद केली, गलवानमध्ये आपले २० जवान गेले, आणि तरी हे कर्ज आहे. यात मला लबाडी दिसत नाही, आजचं जग असंच एकमेकांत अडकलेलं आहे.

२०१० मध्ये चीनने जपानचा रेअर अर्थचा पुरवठा असाच अडवला होता, एका मासेमारी बोटीच्या भांडणावरून. नंतर निर्यातीच्या कोट्यावरून अमेरिका, युरोप, जपान डब्ल्यूटीओत गेले, २०१४ मध्ये चीन केस हरला आणि त्याने कोटा काढलासुद्धा. म्हणजे तेव्हा दाद मागायला जागा होती. आता डब्ल्यूटीओचं अपिलाचं कोर्ट डिसेंबर २०१९ पासून बंद पडलंय, कारण अमेरिकेने नवीन न्यायाधीश नेमूच दिले नाहीत. आणि तैवानमध्ये बनलेली चिप ह्वावे या चिनी कंपनीला द्यायची नाही कारण त्यात अमेरिकन तंत्रज्ञान आहे, हा नियम २०२० मध्ये अमेरिकेने काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनने हुबेहूब तसाच नियम काढला, परदेशात बनलेल्या वस्तूत ०.१ टक्का चिनी रेअर अर्थ असला तरी परवाना घ्या. ट्रम्प आणि शी दक्षिण कोरियात बुसानला भेटले म्हणून तेव्हा तो एक वर्ष, नोव्हेंबर २०२६ पर्यंत, पुढे ढकलला, इतकंच.

उलटंही चाललंय. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याच, नंतर परत सुरू झालेल्या, माउंटन पास खाणीच्या कंपनीत शेअर घेतले आणि मालाला किलोमागे ११० डॉलरचा भाव १० वर्षं बांधून दिला. हमीभावच की हा! मुक्त बाजार मुक्त बाजार म्हणून जगाला ४० वर्षं शिकवणारा देश आज चीनसारखं वागतोय.

आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत हे धातू आहेत, ते काढणारी सरकारी कंपनी आयआरईएल १९५० पासून आहे, पण वाळूपासून मॅग्नेटपर्यंतच्या मधल्या पायऱ्या आपण कधी नीट बांधल्याच नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टन मॅग्नेट बनवायची. मला मनापासून आनंद झाला. भीती एकच आहे, कारखाना उभा राहील, पण चीनने उद्या दार उघडलं आणि भाव पाडला की आपण सगळे, मीसुद्धा, परत तिकडेच जाणार. दिवाळीच्या माळांवर बहिष्काराच्या पोस्ट टाकून काही होत नाही हो, २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलर होती.

आमच्याकडे एका भारतीय कंपनीचे मॅग्नेट सॅम्पल म्हणून आलेत. हीट टेस्टला पहिला लॉट नापास झाला, दुसरा पास. भाव चांगलाच जास्त आहे. सोमवारच्या मीटिंगसाठी मी लिहून ठेवलंय की पुढच्या वर्षी तीनातला एक मॅग्नेट त्यांच्याकडूनच घ्यायचा, चिनी माल वेळेवर आला तरी. अकाउंट्सवाले तयार होणार नाहीत. मालकांशी मी स्वतः बोलणार आहे.