सुभेदार मोडले म्हणे!

मामांनी काल रात्री घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली ‘शिका काहीतरी’. मजकूर थोडक्यात असा: ब्राझीलने १८८९ मध्ये राजा घालवून अध्यक्षीय पद्धत आणली, जनतेने थेट निवडलेल्या राष्ट्राध्यक्ष काम्पोस सालेसने (१८९८-१९०२) प्रांतोप्रांतीचे सुभेदार मोडले, दिवाळखोर देश सावरला, पुढे साओ पाउलो आणि मिनास जेराइस या दोन राज्यांनी आळीपाळीने, न भांडता राज्य केलं. म्हणून आपल्याकडेही हेच हवं. मामांचा मान राखून सांगते, हे जवळजवळ सगळं उलटं लिहिलंय.

सुभेदार मोडले? काम्पोस सालेस स्वतःच साओ पाउलोचा माजी गव्हर्नर. (गव्हर्नर म्हणजे आपले राजभवनातले नव्हेत, राज्याचा निवडून आलेला प्रमुख.) त्याने गव्हर्नरांशी सरळ सौदा केला: तुमच्या राज्यात तुम्ही काय वाटेल ते करा, मी बघणार नाही, संसदेत मात्र तुमचे खासदार माझ्यामागे उभे राहतील. सौदा पाळला जावा म्हणून १८९९ मध्ये सभागृहाचा एक किरकोळ वाटणारा नियम बदलला. कोण निवडून आलं हे तिकडे सभागृहाचीच समिती ठरवायची. नव्या सभागृहाच्या सुरुवातीला सभापतीच्या खुर्चीत सर्वांत वयोवृद्ध सदस्य बसायचा. आता मावळता सभापती, पुन्हा निवडून आला असेल तर, तिथे बसणार आणि समिती नेमणार. म्हणजे माणूस आपलाच. १९०० च्या निवडणुकीत गव्हर्नरांच्या विरोधातले लोक मतं घेऊन राजधानीत आले, तरी समितीने त्यांना सदस्यत्व नाकारलं. याला तिकडे शब्दच पडला, ‘देगोला’. म्हणजे शिरच्छेद. आणि हे मी रचून सांगत नाही. देशाचा कारभार राजधानीच्या रस्त्यावरच्या गर्दीच्या डोक्यावरून, राज्यांतूनच चालतो, असं काम्पोस सालेसने १९०८ च्या आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवलंय.

‘जनतेने थेट निवडलेला’ तर वाचवत नाही. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, काम्पोस सालेसला मतं पडली साधारण ४.२ लाख. निरक्षरांना मत नाही, बायकांना नाही, मतदान गुप्त नाही. गावचा जमीनदार, ‘कोरोनेल’, सांगेल त्याला मत. तिकडे अशा मताला दाव्याचं मत म्हणत, गुराच्या गळ्यातलं दावं असतं ना, तेच.

दिवाळखोरीचं अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. १८९८ मध्ये लंडनच्या रॉथशिल्ड बँकेकडून १ कोटी पौंडांचं कर्ज मिळालं, चलन सावरलं. फक्त तारण म्हणून रिओच्या बंदराची जकात लिहून दिली, ते फॉरवर्डात नाही. १९०२ मध्ये तो राजधानी सोडून निघाला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, तेही नाही.

आळीपाळीचं काय सांगू. १८९४ ते १९०६ सलग तिन्ही अध्यक्ष साओ पाउलोचे. मग १९१० मध्ये दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याचा एक मार्शल, १९१९ मध्ये पाराइबा राज्याचा माणूस. १९०६ मध्ये कॉफीचे भाव टिकवायला तीन राज्यांनी परस्पर करार केला. राष्ट्राध्यक्षाला तो पसंत नव्हता, तरी साओ पाउलोने पुढे रेटला. राज्याला परदेशातून स्वतः कर्ज काढता येत होतं, अडवणार कोण? आणि ‘न भांडता’? १९२९ मध्ये साओ पाउलोतून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने पुढचा उमेदवारही साओ पाउलोचाच काढला, तेव्हा मिनास फुटलं, दक्षिणेतल्यांना जाऊन मिळालं, आणि १९३० मध्ये बंड होऊन हे प्रजासत्ताकच कोसळलं.