पारदर्शक खिडक्यांचा नाद

खरं सांगायचं तर मला त्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची काडीची गरज नव्हती, तिचा एक व्हिडिओ बघितला आणि वेडा झालो. अर्धपारदर्शक खिडक्या, ओढल्या की पडद्यासारख्या हेलकावणाऱ्या, मागचं सगळं छान धूसर. तिच्यासाठी डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, करायची छाती नव्हती (एकदा त्या नादात अख्खा डेटा उडवलाय, तो विषय नको), म्हणून म्हटलं व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, टाकू. 8 जीबी रॅममधली 4 दिली, 2 कोअर दिले, इन्स्टॉल झालं आणि स्क्रीन आला 800 बाय 600 चा, मोठ्या मॉनिटरच्या मधोमध पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा.

मेनूवर क्लिक केलं. काही नाही. परत केलं, परत केलं, चिडून अजून एकदा केलं. मग जरा वेळाने मेनू उघडला, मिटला, उघडला, मिटला. माझे चारही क्लिक तिने इमानदारीत जपून ठेवले होते!

एव्हाना फॅन असा घोंघावत होता की लॅपटॉप आता उडतोय. कारण काय, तर आतल्या सिस्टीमला खरं ग्राफिक्स कार्ड दिसतच नाही, दिसतं ते सॉफ्टवेअरने उभं केलेलं खोटं कार्ड, आणि त्याला थ्रीडी जमत नाही म्हटल्यावर सगळं चित्रकाम सीपीयूच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या, बोकांडी. रेंडररचं, म्हणजे चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं, नाव बघितलं तर एलएलव्हीएमपाइप, कार्डाशिवाय सीपीयूवरच चित्र काढणारा, ज्यांनी हे नाव बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम म्हणजे पिक्सेलमागे 4 बाइट धरून 8 एमबीच्या वर, सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे जवळपास 500 एमबी, आणि हे नुसतं एकदा भरायचं. पारदर्शक पाहिजे तर मागचं वाचा, मिसळा, परत लिहा, धूसर पाहिजे तर आजूबाजूचे पिक्सेल पण धरा. हिशेबनीसाला शिडीवर चढवून भिंती रंगवायला लावल्यासारखं.

मग सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरीचा स्लायडर सापडला. 16 वरून सरळ 128 एमबी! फरक शून्य. रंगारी तोच, बादली तेवढी मोठी झाली.

थ्रीडी अ‍ॅक्सलरेशनची टिकमार्क केली (म्हणजे चित्रकाम खऱ्या कार्डाकडे) तर काळा स्क्रीन, त्यावर एकटा माउसचा बाण, तो मात्र काय सुंदर पळतोय. त्यासाठी गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या सिस्टीममध्ये, वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो टाकायला स्क्रीन दिसावा लागतो. बरं बाहेर यावं तर माउस आतच अडकलेला, दहा मिनिटं सगळी बटणं बडवल्यावर आठवलं की उजवा कंट्रोल दाबायचा असतो.

एक मित्र म्हणाला, सोप्पंय, खरं कार्डच आत देऊन टाक, पासथ्रू म्हणतात त्याला. वाचायला बसलो. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आयओएमएमयू, म्हणजे खरं हार्डवेअर आत सोपवू देणारी सोय, चालू करा, मग कार्ड ज्या ग्रुपमध्ये आहे त्यातली सगळी भावंडं सोबत पाठवा, एकत्र कुटुंब आहे ते, आणि होस्टसाठी, म्हणजे बाहेरच्या मूळ सिस्टीमसाठी, दुसरं कार्ड ठेवा. माझ्याकडे कार्ड एकच. म्हणजे पाहुण्याला चष्मा दिला की यजमान चाचपडतोय.

शेवटी आतलं अ‍ॅनिमेशन बंद केलं, मग पारदर्शकता, मग सावल्या, वॉलपेपर काढून सपाट करडा रंग. आता मेनू टचकन उघडतो आणि उघडून बघण्यासारखं त्यात काही नाही. बाजूच्या खिडकीत तोच व्हिडिओ लावलाय, पूर्ण 60 फ्रेमने पळतोय, फॅनचा आवाजसुद्धा नाही.