दहा मिनिटं बाल्कनीत

आज शेजारच्या घरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. हॉलमध्ये अकरा माणसं, मधोमध तो मुलगा, हातात पोह्यांची बशी. घास उचलला की कुणीतरी प्रश्न टाकायचं, चमचा परत बशीत. मग दोघांना दहा मिनिटं बाल्कनीत पाठवलं, दार सताड उघडं ठेवून. संध्याकाळी मामांनी निकाल दिला, "पोरगा लई गप्प हाय बे."

गप्प! पगार किती, फ्लॅट कुठं, कर्ज फिटलं का, हे अकरा जणांसमोर विचारल्यावर कोण मोकळं होतं हो? बरं, मुलगीही तेवढंच बोलली. ती मात्र 'शांत, संस्कारी'!

अबोल म्हणजे लाजाळू नव्हे. लाजाळूला माणसांची भीती वाटते, अबोल माणूस गर्दीत नुसता दमतो. एकट्याशी तासभर बोलेल. म्हणून पहिली भेट दोघांचीच ठेवा, पाऊण तासाची, उठायची वेळ आधीच ठरवून. हॉटेलात समोरासमोर बसवू नका. सकाळी, ऊन तापायच्या आत, बागेत शेजारीशेजारी चालू द्या. सारखं डोळ्यांत बघावं लागत नाही, मध्येच गप्प झालं तरी अवघडत नाही. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत तर चुकूनही नको, पाळण्यांच्या आवाजात स्वतःचं नावसुद्धा ओरडून सांगावं लागतं.

अबोलांनो, तुमचंही चुकतं. महिनाभर रात्री एकपर्यंत चॅटिंग आणि भेटल्यावर दातखीळ! आठ-दहा दिवसांत भेटून टाका. नुसते प्रश्न विचारत सुटू नका, समोरच्याला मुलाखतीला आल्यासारखं वाटतं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन यांच्या, अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करणाऱ्या १९९७च्या ३६ प्रश्नांच्या प्रयोगातली मेख हीच आहे: हलक्या प्रश्नांपासून हळूहळू आत जायचं आणि उत्तर दोघांनीही द्यायचं. आणि दमलात की गायब होऊ नका. "आज डोकं शिणलंय, उद्या नऊला फोन करतो," एवढं लिहा. आणि नऊला करा.

हो, काहींना लग्नच करायचं नसतं म्हणून ते गप्प असतात. मान्य. पण तेही दहा मिनिटांत कळत नाही.

खरं तर बाल्कनीत त्यांचं बरं चाललं होतं. कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी का पडलीत, यावर हळू आवाजात बोलत होते. त्यानं वाकून बोटानं माती दाबून बघितली. "पाणी जास्त होतंय." ती हसली, "आई रोज दोनदा घालते." तेवढ्यात आतून मावशींची हाक आली, चहा गार होतोय.